एक नंबर, दोन नंबर

आमच्या घरात सध्या सगळं एक नंबर चाललं आहे. निदान आमच्या नातवाचं तरी तसं मत आहे. आजीने केलेलं थालीपीठ एक नंबर, बाहेर पडणारा पाऊस एक नंबर, समोरच्या बंगल्यातलं कुत्रं एक नंबर. परवा मी नवा चष्मा लावून घरात शिरलो, तर माझ्याकडे मान तिरकी करून पाहत तो म्हणाला, "आजोबा, एक नंबर!"

"एक नाही रे," मी म्हटलं, "साडेतीन झालाय."

तो पोट धरधरून हसला. आजोबांनी विनोद केला असं त्याला वाटलं. मी बिचारा नुसती माहिती पुरवत होतो.

'नंबर' हा शब्द इंग्रजांनी इकडे आणला हे खरं, पण १९४७ साली सामान आवरताना तो न्यायचा ते विसरले, आणि आपण तो असा काही वापरला आहे की आता त्यांनी परत मागितला तर त्यांनाच ओळखू येणार नाही. उत्तरेत सारा गोळा करणाऱ्या गावच्या माणसाला त्याची शेपटी लागली आणि 'नंबरदार' तयार झाला. पुढे बोलता बोलता त्याचा 'लंबरदार' झाला. आपल्याकडे १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन साहेब इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी करत फिरले. त्या पद्धतीने मग मुंबई इलाख्यातल्या शेताशेताला नंबर मिळाला. शेतकऱ्याने काय करावं? त्याने शेतालाच नंबर म्हणायला सुरुवात केली. माझ्या आजोळी "विहिरीकडच्या नंबरात यंदा ज्वारी बरी आहे" हे वाक्य मी लहानपणी ऐकलं आहे, आणि आकड्यांत ज्वारी कशी उगवते या विचाराने एक अख्खी दुपार घालवली आहे.

आमच्या तरुणपणी नंबर 'लावायची' वस्तू होती. स्कूटरला नंबर लावायचा, गॅसला लावायचा, टेलिफोनला लावायचा. "आम्ही स्कूटरला नंबर लावलाय" हे वाक्य तेव्हा "सुनेला दिवस गेलेत" या वाक्याच्या सुरात सांगत, आणि ऐकणाराही तितक्याच कौतुकाने "अरे वा, कधी?" असं विचारी. फरक इतकाच की सुनेचं नऊ महिन्यांत उरकायचं. स्कूटरचा नंबर लागेपर्यंत ते पोर शाळेत जाऊ लागलेलं असायचं.

लावलेला नंबर मग 'लागतो'. डॉक्टरकडे लागतो, रेशनच्या रांगेत लागतो, मटक्यात लागतो. धाकट्या बहिणीचं लग्न झालं की घरातल्या आत्या मधल्या भावाकडे वळून "आता तुझा नंबर" म्हणतात. आमच्या सकाळच्या बागेतल्या बाकावर हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला जातो. गेल्या वर्षी त्या बाकावर आम्ही सातजण बसत होतो, आता पाच आहोत. इंग्रजीतही माणसाचा नंबर वर आला म्हणजे त्याचं संपलं असाच अर्थ होतो. या बाबतीत पूर्व आणि पश्चिम यांचं एकमत आहे.

पोलिसांनीही या शब्दाला हातभार लावला. इंग्रजी अमलात उत्तरेकडच्या ठाण्यांत नजर ठेवण्यासारख्या माणसांची नावं दहा नंबरच्या रजिस्टरात लिहीत, म्हणून बदमाश तो 'दस नंबरी'. पुढे १९७६ साली त्या नावाचा सिनेमा निघाला आणि आमच्या हापिसातल्या शिपायालाही आम्ही दस नंबरी म्हणू लागलो. त्याचा गुन्हा एवढाच की तो चहात पाणी घालायचा. 'चारशे वीस'ची गोष्ट तर सर्वांनाच माहीत आहे. भारतीय दंड विधानातलं फसवणुकीचं ते कलम. पण १ जुलै २०२४ पासून ते दंड विधानच गेलं, न्याय संहिता आली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये राहायला गेली. आता एखाद्याला "तू मोठा तीनशे अठरा आहेस" म्हणून पाहा. शिवी वाटतच नाही. बसचा नंबर वाटतो.

या सगळ्यात मला खरी गंमत वाटते ती 'एक नंबर' या जोडीची. "अमुक माणूस म्हणजे एक नंबर!" असं म्हटलं की तो थोर. पण त्यात एक 'चा' घातला, "एक नंबरचा…" एवढंच म्हटलं, की पुढे शब्द कोणता येणार याची ऐकणाऱ्याला खात्री असते. एक नंबरचा लबाड येईल, एक नंबरचा आळशी येईल, कंजूष येईल. एक नंबरचा सज्जन असं मी तरी कुणाला म्हटलेलं ऐकलं नाही. म्हणजे सगळी अब्रू एका षष्ठीच्या प्रत्ययावर. आणि हाच 'चा' पैशाला लावला की पुन्हा पवित्र होतो! एक नंबरचा पैसा म्हणजे पांढरा, धुतलेला, बँकेतला. आमचे व्याकरणाचे मास्तर असते तर हा अपवाद त्यांनी फळ्यावर लिहून दिला असता.

आता दोन नंबरकडे येतो. हा सगळा प्रपंच मी त्याच्यासाठीच मांडला आहे.

शाळेत माझा दुसरा नंबर यायचा. त्याबद्दल मला पेढा मिळायचा. म्हणजे दोन नंबर ही वाईट गोष्ट आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याच शाळेत वर्गाबाहेर जायचं झालं तर आम्ही एक बोट किंवा दोन बोटं वर करायचो. विलायतेतली पोरंही याच कामांना नंबर एक आणि नंबर दोन म्हणतात हे मोठेपणी वाचलं, तेव्हा मला मानवजातीबद्दल आपुलकी वाटली. प्रत्येकाला जावं लागतं, प्रत्येकाला ठाऊक असतं, पण चारचौघांत नाव घ्यायचं नाही. मग काय करायचं? नंबर द्यायचा.

हे मला एकदा सुचलं आणि मग जिकडेतिकडे दिसायला लागलं. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला नंबर देतात. तुरुंगात माणूस गेला की त्याचं नाव काढून घेतात आणि नंबर देतात. दवाखान्यात "सात नंबरला रात्री त्रास झाला" म्हणतात. सात नंबरला बायको असते, दोन मुलं असतात, पेन्शनचं काम अडलेलं असतं. पण ते सगळं नावाबरोबर चिकटून येतं आणि नर्सला रात्रभर जागायचं असतं. नंबर दिला की जीव हलका होतो. कुणाचा, ते सोडा.

पैशाचंही तसंच झालं असावं. व्यापाऱ्याच्या दोन वह्या, एक दाखवायची आणि एक बघायची, त्यातल्या दुसरीवरून हा शब्द आला असा माझा तर्क आहे. 'काळा पैसा' हा शब्द वर्तमानपत्रात छापायला ठीक आहे. काळा म्हटलं की कोळसा आठवतो, तोंड काळं करणं आठवतं. समोरासमोर बसलेल्या दोन सभ्य माणसांनी तो उच्चारायचा कसा? 'दोन नंबर' म्हटलं की कसं सुटसुटीत वाटतं. जणू प्लॅटफॉर्मचाच नंबर. एक नंबरवरून सिंहगड जाते, दोन नंबरवरून आपली जाते.

१९८६ साली माझी गाडी दोन नंबरवरून गेली.

त्या वर्षी आम्ही पुण्यात कोथरूडला फ्लॅट घेतला. सहाशे फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा गुडघे असतात हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे लिफ्टची चौकशी केली नाही. भाव तीनशे रुपये फूट, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. बिल्डर पांढऱ्या सफारीतला मोठा गोड माणूस. आधी चहा पाजला. सौभाग्यवतीला "वहिनी, स्वयंपाकघर पूर्वेला काढलंय" म्हणाला. आणि मग हवापाण्याविषयी बोलावं तितक्या सहज म्हणाला, "एक-वीस एक नंबर, साठ दोन नंबर. चालेल ना?"

मला वाटलं, एकशेवीस नंबर आणि साठ नंबर असे दोन फ्लॅट आहेत. मी म्हटलं, "आम्हाला एकच हवा आहे."

समजलं तेव्हा कानशिलं गरम झाली. पण मी उठलो नाही, हे लिहून ठेवतो. उठलो नाही, कारण याआधी तीन बिल्डरांकडून उठून आलो होतो आणि दर वेळी भाव वीस रुपयांनी वाढला होता. माझी तत्त्वं चौरस फुटाला साठ रुपयांनी महाग पडली होती.

आता अडचण निराळीच होती. मी पगारदार माणूस. माझा कर माझ्या हातात पगार पडण्याआधीच कापलेला. माझ्याकडे दोन नंबर आणायचा कुठून? मग मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, पतपेढीचं कर्ज काढलं, हिच्या पाटल्या मोडल्या. प्रत्येकाची पावती होती. असे साठ हजार रुपये जमवले, सगळे पांढरेशुभ्र, टिनोपॉलमधून काढल्यासारखे. तेव्हा शंभरापेक्षा मोठी नोट चलनात नव्हती. हजारापासून वरच्या नोटा १९७८ साली रद्द झाल्या होत्या आणि पाचशेची यायची होती १९८७ साली. म्हणजे सहाशे नोटा, सहा पुडकी. भाजीच्या पिशवीत तळाला पुडकी, वर मेथीच्या दोन जुड्या, आणि पिशवी लूनाच्या हँडलला. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि एका अर्धसत्यापायी खाली टेकला म्हणतात. माझी लूना मुळातच टेकून चालायची, त्यामुळे काही फरक जाणवला नाही.

बिल्डरच्या हापिसात एका पोराने नोटा मोजल्या. पावती नाही, सही नाही, टिपण नाही. मेथी परत दिली. काही लोक काळ्याचे पांढरे करतात म्हणून ऐकलं होतं. मी जन्मभर कष्टाने कमावलेले पांढरे नेऊन काळे करून आलो. हा उलटा किमयागार जगात दुसरा नसेल असं मला वाटत होतं, पण पुढे चौकशी केली तर आमच्या सोसायटीत असे एकोणीस निघाले.

आणि एक सांगतो. त्या साठ हजारांतला रुपया इकडचा तिकडे झाला नाही. शब्दाला शब्द. उलट एक नंबरच्या पैशांची पावती मिळवायला मला चार खेपा घालाव्या लागल्या. दोन नंबरचा धंदा चालतो तो माणसांच्या सचोटीवर, या गोष्टीचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? मी केला, पण कुठे पोहोचलो नाही.

लोकांनी माझी समजूत घातली. मलाही ती घालून घ्यायची होतीच. १९७३-७४ साली सगळ्यात वरच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. शंभर मिळवले की सव्वादोन रुपये हातात. अशा देशात दुसरं काय होणार, असं आमचे एक मित्र म्हणाले. ते स्वतः त्या टप्प्याच्या वाटेलाही कधी गेले नव्हते, मीही नव्हतो, पण मुद्दा बिनतोड वाटला. दुसरे म्हणाले, "तू पैसे लपवलेस का? नाही. तू दिलेस. लपवले त्याने." हा तर मला फारच आवडला. पिशवी माझी, मेथी माझी, पण पाप त्याचं. आणि मुख्य म्हणजे फसवलं कुणाला, तर सरकारला. सरकार म्हणजे कोण? तोंड नाही, डोळे नाहीत. ज्याला डोळे नाहीत त्याच्याकडे बघून खाली मान घालायची वेळ येत नाही.

माझ्या बाबतीत डोळे एस.टी.ने आले.

आमचे अण्णा वाईला असत. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. करारनाम्याला दोन साक्षीदार लागतात असं कळल्यावर बिल्डरचा माणूस म्हणाला, "आमची पोरं आहेत, करतील सह्या." पण मी आदल्या आठवड्यात कौतुकाने घरी पत्र टाकलेलं, आणि अण्णा सकाळच्या गाडीने दारात उभे. "पहिलं घर होतंय. साक्षीला बाप नको?"

अण्णांनी तो करारनामा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. असा वाचणारा माणूस त्या हापिसात पूर्वी आला नसावा. पोरं खुर्च्यांवर बसून पाय हलवत होती आणि अण्णा पेन्सिलीने शुद्धलेखन सुधारत होते. 'पुर्वेस' मधला 'पु' त्यांनी दीर्घ केला. मग 'साक्षीदार नंबर १' असं छापलेलं होतं तिथे त्यांनी पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड आणि तारीख, बालबोध अक्षरात, आडवी रेघ न सोडता लिहिली.

बाहेर पडल्यावर म्हणाले, "एक लाख वीस हजार म्हणजे दोनशे रुपये फूट झाला."

मी म्हटलं, "हो."

तेवढंच म्हटलं. बघा, एका अक्षराचा शब्द. तिथे थांबून "अण्णा, वरती साठ हजार दोन नंबरने दिलेत" असं सांगता आलं असतं. पण त्यांना 'दोन नंबर' म्हणजे काय ते आधी समजावून द्यावं लागलं असतं. त्यांच्या लेखी दोन नंबर म्हणजे पेढा. आणि समजावून देताना नंबर बाजूला ठेवून नाव घ्यावं लागलं असतं. 'मी कागदावर खोटी किंमत लिहिली आणि तुमची सही तिच्याखाली घेतली.' हे वाक्य मी मनात जुळवून पाहिलं. दोन नंबर इतका मोठा असतो हे मला तेव्हा कळलं.

"कोरेगावकर मास्तरांच्या जावयाने तीनशेनं घेतली," अण्णा म्हणाले. "तू घासाघीस चांगली केलीस हो. मला वाटायचं तुला व्यवहार कळत नाही."

आयुष्यात अण्णांनी माझं जे दोन-तीनदा कौतुक केलं, त्यातलं हे एक.

तिथे मिटलं असतं तर बरं. पण अण्णांनी वाईला जाऊन गणपतीच्या घाटावर ते सगळ्यांना सांगितलं. त्यांचे एक जुने सहकारी होते, रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जाणारे. त्यांच्या मुलालाही पुण्यात जागा हवी होती. अण्णा म्हणाले, माझ्या मुलाच्या बिल्डरकडे जा, दोनशे रुपयाने देतो. तो मुलगा तिथे गेला, त्याला तीनशे तीस सांगितले. तो म्हणाला, अमुक साहेबांना दोनशेने दिलीत. त्यावर तिथली माणसं म्हणे इतकी हसली की आतून बिल्डर बाहेर आला.

ते सहकारी अण्णांना म्हणाले, "मास्तर, बढाई मारावी, पण इतकी नाही."

अण्णा म्हणाले, "मी स्वतः वाचून सही केली आहे."

अण्णांच्या तोंडून निघालेला शब्द त्या गावात कुणी कधी तपासला नव्हता. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस घाटावर उभा राहून माझं खोटं खऱ्यासारखं सांगत होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. ते दोघे बोलत राहिले, पण संध्याकाळचं फिरणं बंद झालं. अण्णा मग एकटेच मेणवलीच्या रस्त्याने जाऊ लागले. आई म्हणायची, मास्तरांचे पाय दुखतात वाटतं. मास्तरांचे पाय उत्तम होते.

मी एकदा सांगायला निघालो होतो. वाईच्या स्टँडवर ते मला पोहोचवायला आले होते. "अण्णा, त्या फ्लॅटचं एक…" इथपर्यंत आलोही. तेवढ्यात पुण्याची गाडी लागली आणि अण्णा खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायला धावले. त्या वयात धावले. जागा मिळाल्यावर माणसाला खरं बोलावंसं वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. १९९४ साली अण्णा गेले. जाईपर्यंत त्यांच्या हिशेबात मी व्यवहारचतुर होतो.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? तेव्हा सगळेच तसं करत. हे मी स्वतःलाही पुष्कळदा म्हटलं आहे. एखादी गोष्ट सगळेच करत असले की ती चुकीची राहत नाही की नुसती दिसेनाशी होते, हा प्रश्न मोठ्या लोकांनी सोडवावा. मला माझ्यापुरतं इतकंच दिसलं की सरकारला फसवल्याचं मला अजूनही फारसं वाईट वाटत नाही. वाटायला हवं, पण वाटत नाही. वाटतं ते घाटावरच्या त्या दोन म्हाताऱ्यांचं. मी दिलेलं खोटं सरकारपर्यंत पोहोचलंच नाही बहुधा. ते वाटेत वाईला उतरलं.

मध्ये ८ नोव्हेंबर २०१६ आला. रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दोन नंबरचं आता कंबरडं मोडणार म्हणून मी जरा अस्वस्थ आनंदात होतो. इतक्यात स्वयंपाकघरातून ही एक डबा घेऊन आली. साबुदाण्याखाली तेवीस हजार रुपये. तीस वर्षांत घरखर्चातून माझ्या नकळत वाचवलेले. मी म्हटलं, "हे कोणत्या नंबरचे?" ती म्हणाली, "माझ्या नंबरचे." बँकेच्या रांगेत आम्ही दोन दिवस नंबर लावून ते भरले. पुढे २०१८ साली रिझर्व्ह बँकेने मोजदाद जाहीर केली, तर रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या होत्या. म्हणजे देशातला दोन नंबर रांगेत उभा राहून एक नंबर होऊन घरी गेला. काही माणसांना तेवढंही जमत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गुडघ्यांनी निकाल दिला. तिसरा मजला झेपेना, जागा विकून लिफ्टच्या इमारतीत जायचं ठरलं. एजंट आला. तिशीतला, हसतमुख, दोन्ही हातांत फोन. जागा पाहिली, खिडकीतून टेकडी दिसते का ते पाहिलं, आणि चहाचा कप तोंडाला लावत, साखर किती घालू असं विचारावं त्या सुरात म्हणाला, "काका, कसं करायचं? सगळं एक नंबर, का थोडं दोन नंबर? पार्टीला दोन्ही चालतं."

१ जून २०१५ पासून जागेच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यापुढची रक्कम रोखीने घ्यायला कायद्याने बंदी आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो ना," आणि माझ्या उत्तराची वाट पाहू लागला.

तुम्हाला वाटेल, मी ताडकन उत्तर दिलं. नाही. मी आकडेमोड केली. थोडं दोन नंबर घेतलं तर कर किती वाचेल, ते मनातल्या मनात काढलं, आणि ती रक्कम छान होती. नव्या घरातला जिना चढायचा नव्हता, पण फर्निचर करायचं होतं. समोर टेबलावर जुनी फाइल उघडी होती. करारनामा पिवळा पडला होता, बिल्डरची सही फिकी झाली होती. पेन्सिलीने दीर्घ केलेला 'पू' मात्र तसाच होता.

"सगळं एक नंबर," मी म्हटलं.

हे अण्णांमुळे म्हटलं असं सांगायला मला आवडेल. अर्धं त्यांच्यामुळे असेलही. उरलेलं अर्धं असं की इतकी रोकड ठेवायची कुठे हे मला सुचेना, आणि साबुदाण्याच्या डब्यावरचा माझा विश्वास उडाला होता.

"एक नंबर, काका!" एजंट म्हणाला. कोणत्या अर्थाने, ते मी विचारलं नाही.

कराराच्या दिवशी साक्षीला मुलाला बोलावलं. तो हापिसातून अर्ध्या तासाची सवड काढून आला, कानाला फोन तसाच. क्लार्कने बोट ठेवलं तिथे त्याने सही ठोकली. माझ्या मुलाची सही म्हणजे एक रेघ आणि दोन टिंबं.

"अरे, वाच तरी," मी म्हटलं.

त्याने फोनवर हात ठेवला. "कशाला बाबा? तुम्ही वाचलंय ना?"

"मी वाचलंय. तू वाच."

"बाबा, मीटिंग आहे."

"किंमतीचा आकडा तरी वाच. मोठ्याने वाच."

क्लार्क माझ्याकडे बघायला लागला. खरेदीदार नवरा-बायको बघायला लागले. मुलाने एक सुस्कारा सोडला, फोन खिशात टाकला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पानावर बोट फिरवत आकडा शोधू लागला.